साठ वॅटचा गोळा आणि नऊ वॅटचा दिवा

एलईडी दिव्याच्या खोक्यावर '९ वॅट = ६० वॅट' असे समीकरण छापलेले असते. सातवीतल्या एखाद्या चौकस मुलाने ते फळ्यावर उतरवून "सर, हे बरोबर कसं?" असे विचारले, तर गणिताचे शिक्षक त्याला शून्य गुण देतील आणि विज्ञानाच्या शिक्षकांना थोडा वेळ मागून घ्यावा लागेल. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकक एकच आहे, आकडे मात्र वेगळे आहेत. तरीही दोन्ही दिवे खोलीत जवळपास सारखाच उजेड पाडतात, हे आपण रोज पाहतो.

घोटाळा एककाचा आहे. वॅट हे विद्युतशक्तीचे एकक. दिवा दर सेकंदाला किती ऊर्जा घेतो, एवढेच ते सांगते. तो प्रकाश किती देतो याविषयी ते मुके आहे. गाय दूध किती देते असे विचारल्यावर ती कडबा किती खाते ते सांगावे, तसाच हा प्रकार. सगळ्या गाई एकाच जातीच्या होत्या तोपर्यंत ते चालून गेले. शंभर वर्षे घरोघरी तंतूचाच बल्ब होता, त्यामुळे 'साठचा गोळा', 'शंभरचा गोळा' म्हटले की उजेडाचा अंदाज येई. आता जात बदलली आणि जुनी भाषा तशीच राहिली.

प्रकाशाचे खरे माप ल्युमेन. आपला डोळा सर्व रंगांना सारखाच दाद देत नाही. ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला तो सर्वांत संवेदनशील असतो. या रंगाचा १ वॅट प्रकाश म्हणजे ६८३ ल्युमेन. तांबड्या आणि जांभळ्या टोकांकडे ही संख्या झपाट्याने उतरते, आणि अवरक्त किरणांसाठी ती शून्य असते. कितीही वॅट ओता, डोळ्याला काही दिसत नाही. ज्यात सर्व रंग नीट दिसतील असा पांढरा प्रकाश घेतला तर त्याच्या प्रत्येक वॅटला सुमारे ३०० ल्युमेन पडतात. म्हणजे वीज पूर्णपणे पांढऱ्या प्रकाशात बदलणारा आदर्श दिवा मिळाला तरी तो वॅटमागे साधारण तीनशेच ल्युमेन देईल. ही वरची मर्यादा ध्यानात ठेवू.

६० वॅटचा तंतूचा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन देतो, म्हणजे वॅटमागे १२ ल्युमेनही नाहीत. जुनी ४० वॅटची जाड ट्यूब सुमारे २,४०० ल्युमेन देई. पण तिच्या पट्टीतला चोक आणखी १२ वॅट खाई, तो धरला की वॅटमागे ४६ ल्युमेन पडत. सीएफएल साधारण ६० आणि आजचा साधा एलईडी दिवा १०० च्या आसपास.

आता बाराचा आकडा इतका केविलवाणा का, ते पाहू. एडिसनने १८७९ साली कार्बनच्या तंतूचा दिवा टिकवून दाखवला. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान यांचेही काम त्याच सुमारास चालले होते. पुढे १९१० च्या सुमारास कूलिज यांनी टंगस्टनसारख्या ठिसूळ धातूची बारीक तार काढण्याची रीत शोधली आणि १९१३ मध्ये लँगम्युर यांनी निर्वाताऐवजी काचेत निष्क्रिय वायू भरून तंतूचे बाष्पीभवन कमी केले. त्यानंतर बल्बमध्ये मूलभूत अशी सुधारणा फारशी झाली नाही. कंपन्या आळशी होत्या म्हणून नव्हे. अडचण निसर्गनियमाची होती.

तापलेली वस्तू कोणत्या तरंगलांबीला सर्वाधिक प्रारण देते हे वीनच्या नियमाने काढता येते: २,८९८ ला केल्विनमधील तापमानाने भागले की उत्तर मायक्रोमीटरमध्ये मिळते. बल्बचा तंतू साधारण २,७०० केल्विनला असतो. भागाकार येतो १.०७ मायक्रोमीटर. दृश्य प्रकाश संपतो ०.७ च्या आसपास. म्हणजे बल्बच्या प्रारणाचा डोंगर अवरक्त भागात उभा आहे आणि त्याची फक्त पायथ्याकडची एक उतरण दृश्य पट्ट्यात येते. ६० वॅटमधले जेमतेम चार-पाच वॅट प्रकाश होऊन बाहेर पडतात, बाकी सारी उष्णता. मग तंतू आणखी तापवा, असे विद्यार्थी लगेच सुचवतील, आणि ते तत्त्वतः बरोबरच आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विनला आहे. पण टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३,६९५ केल्विनला वितळते, आणि त्याच्या पुष्कळ अलीकडेच त्याची वाफ होऊन काच काळी पडू लागते. तापमान वाढवले की उजेड वाढतो आणि आयुष्य घटते. हजार तासांचे आयुष्य आणि वॅटमागे बारा ल्युमेन हा या ओढाताणीतला समझोता होता.

या ठिकाणी एक छोटा प्रयोग वर्गात करता येतो. ६० वॅटचा जुना बल्ब होल्डरमधून काढून, टेबलावर ठेवून, मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा. तो साधारण ६० ते ७० ओहम भरतो. आता विद्यार्थ्यांना २३० व्होल्ट आणि ६० वॅट यांवरून रोध काढायला सांगावे. उत्तर येते ८८२ ओहम. मग ओहमचा नियम खोटा ठरला का? नाही, तापमान कायम असेल तर, ही त्या नियमाची अट आपण घाईत वाचतो. गार तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या दहापटीहून कमी असतो, म्हणून बटण दाबल्याच्या क्षणी प्रवाहाचा मोठा लोंढा आत शिरतो. घरातले बल्ब बहुधा बटण दाबताक्षणीच 'उडतात', याचे कारण हेच.

व्होल्टेजबाबतही हा दिवा फार हळवा. पुरवठ्याचा दाब १० टक्क्यांनी उतरला तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. ५ टक्क्यांनी चढला तर आयुष्य जवळजवळ निम्मे होते. रोहित्रापासून लांब, वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीवर संध्याकाळी पंप आणि दिवे एकदम चालू झाले की साठचा गोळा निखाऱ्यासारखा लालसर होई आणि मध्यरात्री भार कमी झाल्यावर तोच लख्ख होऊन अकाली मरे, हे खेड्यात शिकवलेल्या शिक्षकांना सांगायला नको. चांगल्या एलईडी दिव्यातले इलेक्ट्रॉनिक्स दाबातल्या अशा मोठ्या चढउतारांत प्रकाश जवळजवळ स्थिर ठेवते. आमच्या मते ग्रामीण घराला झालेला हा फायदा बिलातल्या बचतीइतकाच मोलाचा आहे, पण त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही.

ट्यूब आणि सीएफएल यांविषयी थोडक्यात. त्यांत तापलेला तंतू प्रकाश देत नाही. पाऱ्याच्या बाष्पातून विद्युतप्रवाह गेला की अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतला पांढरा लेप ते शोषून दृश्य प्रकाश देतो. कार्यक्षमता चौपट-पाचपट झाली, पण प्रत्येक दिव्यात काही मिलिग्रॅम पारा आला. सीएफएल फुटली तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर जावे, तुकडे झाडूने न लोटता जाड कागदाने गोळा करून बंद डब्यात ठेवावेत, हे मुलांना सांगितलेले बरे. कारण घरोघरी माळ्यावर अजून त्या पडलेल्या आहेत.

एलईडीची गोष्ट मुळातच निराळी. इथे काही तापवायचे नसते. अर्धवाहकाच्या जोडावर एका बाजूचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या जागेत, म्हणजे 'होल'मध्ये पडतो आणि पडताना गमावलेली ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर येते. पायरी जेवढी उंच तेवढा प्रकाश निळ्याकडे सरकलेला. लाल प्रकाशाला सुमारे १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टची पायरी पुरते. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला सुमारे २.७५ लागते. निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये लाल एलईडी करून दाखवला. रेडिओवरचे, कॅल्क्युलेटरवरचे लाल ठिपके तेव्हापासूनचे. हिरवाही आला. पण निळ्याने तीस वर्षे झुलवले, आणि निळ्याशिवाय पांढरा होत नाही.

निळ्यासाठी योग्य पदार्थ गॅलियम नायट्राइड, हे माहीत होते. त्याचे चांगले स्फटिक वाढत नव्हते आणि त्यात धन प्रकारचा, म्हणजे होल पुरवणारा थर बनत नव्हता. बहुतेकांनी नाद सोडला. जपानमध्ये नागोया विद्यापीठात इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी, तसेच तोकुशिमा प्रांतातल्या निचिया या कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तो सोडला नाही. १९८६ पासून एकेक अडचण दूर होत गेली आणि १९९३ मध्ये नाकामुरांनी प्रखर निळा एलईडी सादर केला. गमतीचा भाग असा, की निचिया मुळात ट्यूबच्या आणि दूरचित्रवाणीच्या पडद्याच्या लेपाची द्रव्ये बनवणारी कंपनी. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या अशाच एका द्रव्याचा थर दिला, की काही निळा प्रकाश तसाच बाहेर येतो, काही पिवळा होतो आणि डोळ्याला मिश्रण पांढरे दिसते. १९९६ मध्ये बाजारात आलेला पांढरा एलईडी तो हाच. बंद एलईडी दिव्याचा दुधी घुमट उघडला तर आत दिसणारे पिवळे चौकोन म्हणजे हे लेप दिलेले एलईडी. तिघांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता वॅटमागे १०० ल्युमेन या आकड्याकडे पुन्हा पाहा. टंगस्टन वितळले नसते आणि आपण तंतू सूर्याच्या पृष्ठभागाइतका तापवू शकलो असतो, तर आदर्श कृष्णिकेच्या गणितानुसार वॅटमागे सुमारे ९३ ल्युमेन मिळाले असते. त्याहून तापवूनही ९५ च्या आसपासच मजल थांबते, कारण पुढे ऊर्जा अतिनील भागात वाया जाऊ लागते. म्हणजे किराणा दुकानात टांगलेला शंभर रुपयांच्या आतबाहेरचा दिवा या बाबतीत सूर्याच्या पुढे गेलेला आहे. तापवून प्रकाश मिळवण्याची, चकमकीपासून चालत आलेली वाट सोडली म्हणूनच ते शक्य झाले.

घरच्या हिशेबाकडे वळू. ६० च्या जागी ९ म्हणजे ५१ वॅटची बचत. दिवा रोज ४ तास लागत असेल तर वर्षाला ५१ × ४ × ३६५ = ७४,४६० वॅट-तास, म्हणजे सुमारे ७४ युनिट. युनिटचा दर ८ रुपये धरला तर ५९२ रुपये. दिव्याची किंमत दोन महिन्यांत वसूल. इथे एक बारकावा आहे. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो. महाराष्ट्रात पहिल्या शंभर युनिटांचा दर आणि पुढच्या टप्प्याचा दर यांत मोठे अंतर असते. बचत होते ती नेहमी वरच्या टोकाची. म्हणून बिलाला एकूण युनिटांनी भागून आलेला सरासरी दर या हिशेबात वापरू नये. आपण ज्या टप्प्यात शेवट करतो त्याचा दर घ्यावा. बचत अपेक्षेपेक्षा जास्त निघते.

उलट, न्हाणीघरातला बल्ब पाहा. तो रोज पंधरा मिनिटे लागतो. वर्षाची बचत साडेचार युनिट, सुमारे ३७ रुपये. तो बदलू नये असे नाही, पण हाती दोनच दिवे असतील तर ते स्वयंपाकघरात आणि मुलांच्या अभ्यासाच्या जागी लागावेत.

आणि ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही तो 'झिरोचा बल्ब'. नावामुळे तो वीज खातच नाही असा समज पक्का बसला आहे. त्यातही तापणारा तंतूच असतो, आणि तो १५ वॅटपर्यंत वीज घेतो. जुन्या चकतीच्या मीटरला एवढ्या लहान भाराची दखल धड घेता येत नसे, म्हणून तो 'झिरो' ठरला असे सांगतात. देवघरात किंवा झोपायच्या खोलीत तो रात्रभर, ८ तास जळतो. १५ × ८ × ३६५, म्हणजे वर्षाला जवळपास ४४ युनिट. चार तास लागणाऱ्या साठच्या गोळ्याच्या निम्मी वीज हा शून्य घेतो. त्याच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी लावला तर वर्षाला दीड युनिटही लागत नाही. दिवाणखान्यातले सगळे दिवे बदललेल्या घरांतही हा बल्ब टिकून असलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे.

हे सगळे आमच्या शब्दावर मानण्याची गरज नाही. घरातला इलेक्ट्रॉनिक मीटर ही एक चांगली प्रयोगशाळा आहे. त्यावर एक लहानसा लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच '३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास' अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. काही मीटरवर तो वेगळा असतो. जो असेल तो घ्यावा. ३,२०० चा मीटर असेल तर एका लुकलुकीची ऊर्जा होते ३६,००,००० ÷ ३,२०० = १,१२५ ज्यूल. रात्री मोठ्यांना सांगून घरातली सर्व उपकरणे बंद करावीत. फ्रिज, इन्व्हर्टर, टीव्हीचा नुसता जागा असलेला लाल ठिपका, मोबाइलचे चार्जर, सगळे. मग एकच दिवा लावून दोन लुकलुकींमधला वेळ घड्याळाने मोजावा. साठच्या गोळ्याला १,१२५ ÷ ६०, म्हणजे पावणेएकोणीस सेकंद. नऊच्या दिव्याला १२५ सेकंद. दोन मिनिटे मीटरकडे टक लावून बसावे लागले की वॅट हे 'दर सेकंदाला ज्यूल' असते हे जन्मभर लक्षात राहते. झिरोच्या बल्बला ७५ सेकंद लागले तर त्याच्या नावाचाही निकाल लागतो. आणि सगळे बंद असतानाही मीटर लुकलुकत राहिला, तर कोणते उपकरण चोरपावलाने वीज घेते आहे ते एकेक बंद करून शोधण्याचा नवाच खेळ सुरू होतो. मीटर फक्त पाहायचा, त्याला हात लावायचा नाही, हे मात्र बजावून सांगावे.

उजेड मोजायलाही महागडे यंत्र लागत नाही. कोऱ्या कागदाच्या मध्यभागी गोडेतेलाचा रुपयाएवढा डाग पाडावा आणि कागद उभा धरून त्याच्या दोन बाजूंना दोन दिवे ठेवावेत. ज्या बाजूने उजेड जास्त, त्या बाजूने डाग काळपट दिसतो. दुसऱ्या बाजूने उजळ. कागद पुढेमागे सरकवत गेले की एका जागी डाग जवळजवळ नाहीसा होतो. तिथे दोन्हींकडचा उजेड समान. बुन्सेन यांची ही जुनी युक्ती. अंतरे मोजावीत: एक दिवा ५० सेंटिमीटरवर आणि दुसरा ६० वर असेल, तर दुसऱ्याची तीव्रता (६० ÷ ५०)² = १.४४ पट. रंग वेगळे असल्याने डाग पुरता मावळत नाही, म्हणून तीन-चार मुलांच्या वाचनांची सरासरी घ्यावी. मग एलईडी दिवा आडवा करून, त्याचे टोक कागदाकडे वळवून पुन्हा मोजावे. उत्तर बदलते, आणि खरी मौज इथेच आहे. तंतूचा बल्ब जवळपास सर्व दिशांना सारखा प्रकाश फेकतो. एलईडी दिवा पुढे जास्त आणि बुडाकडे फार कमी. म्हणून ल्युमेन समान असूनही छताला टांगलेला एलईडी खालच्या वहीवर जास्त उजेड पाडतो आणि छत मात्र अंधारे ठेवतो. '९ = ६०' हे खोक्यावरचे समीकरण खरे की खोटे, हे दिवा कुठे व कसा लावला यावरही ठरते.

आता तक्रारीकडे येऊ, कारण शिक्षकांच्या मेळाव्यात हा प्रश्न हमखास निघतो: खोक्यावर २५,००० तास लिहिले असताना दिवा वर्षभरात का जातो? पहिली गोष्ट, तो आकडा म्हणजे प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येण्यास लागणारा काळ, आणि तोही एलईडीच्या बऱ्या परिस्थितीतला. प्रत्यक्षात बहुधा एलईडी थकून मरत नाही. त्याच्या बुडातले, २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबातून स्थिर प्रवाह बनवणारे छोटे मंडल आधी मरते. मारेकरी उष्णता. ९ वॅटपैकी साधारण ३ वॅट प्रकाश होतात, ६ वॅट उष्णता. तंतूच्या बल्बची उष्णता प्रारणाने निघून जाते आणि त्याला तापण्याची पर्वाही नसते. एलईडीच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे ती सहा वॅट उष्णता दिव्याच्या अंगातूनच वाहून बाहेर जावी लागते. दिवा बंद काचेच्या हंडीत लावला, की ती अडकते आणि मंडलातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकत जातो. जुनी शोभेची हंडी ठेवायचीच असेल तर निदान ती वरून मोकळी असावी. दुसरे, आतले पिवळे चौकोन बहुधा एकसर जोडणीत असतात. एक गेला की सगळेच विझतात. म्हणून असा दिवा थोडक्यात दुरुस्त होतो आणि आता बऱ्याच गावांत ते काम करणारे कारागीरही आहेत. विद्यार्थ्यांनी उत्साहाने दिवा उघडावा, पण उघडलेला दिवा होल्डरमध्ये लावून कदापि तपासू नये. स्वस्त दिव्यांत आतल्या प्रत्येक टोकावर घरपुरवठ्याचा पूर्ण दाब असू शकतो.

दुसरी तक्रार, बटण बंद केल्यावरही दिवा मिणमिणतो. भुताटकी नाही. बटणात निऑनचा दर्शक असेल तर त्यातून निसटणारा किंचित प्रवाह एलईडीला पुरतो. साठच्या गोळ्याला तो जाणवतही नसे. पण असा दर्शक नसताना दिवा मिणमिणत असेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेत जोडलेले असण्याचा संभव आहे. तसे असेल तर बंद दिव्याच्या होल्डरमध्येही वीज असते. वायरमनला बोलावून ते त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.

विकत घेताना वॅट नव्हे तर ल्युमेन वाचावेत, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे आणि भारतीय मानकाचा 'आयएस १६१०२' हा क्रमांक पाहावा. रंगाचा आकडा केल्विनमध्ये असतो: २,७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ६,५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे निळसरालाच 'जास्त उजेड' समजण्याची पद्धत पडली आहे. ल्युमेन सारखे असतील तर तो भास असतो.

देशाच्या पातळीवरची गोष्टही वर्गात सांगण्याजोगी आहे. २००९ मध्ये 'बचत लॅम्प योजने'त जुन्या बल्बच्या बदल्यात १५ रुपयांना सीएफएल देण्याचा प्रयत्न झाला. जानेवारी २०१५ पासून 'उजाला' योजनेत एलईडी आले. सरकारी कंपनीने एकगठ्ठा प्रचंड मागणी नोंदवली आणि खरेदीचा भाव २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. जानेवारी २०२२ पर्यंत ३६.७८ कोटी दिवे वाटले गेले आणि त्यांतून वर्षाला ४,७७८ कोटी युनिट वाचतात असे सरकारने जाहीर केले. हे मोजलेले आकडे नव्हेत, हा अंदाज आहे; आणि अंदाजामागे काय धरले आहे ते भागाकाराने उघड होते. दिव्यामागे वर्षाला १३० युनिट पडतात. ५१ वॅटच्या बचतीने १३० युनिट वाचायला दिवा वर्षाला सुमारे २,५५० तास, म्हणजे रोज ७ तास लागायला हवा, आणि प्रत्येक दिव्याने खरोखरच साठच्या गोळ्याची जागा घेतलेली हवी. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातले दिवे किती तास लागतात ते आठवडाभर टिपले तर हे गृहीत कितपत रास्त आहे ते त्यांनाच ठरवता येईल. आम्हाला ते सढळ वाटते. मात्र अंदाज निम्म्यावर आणला तरी उरणारे २,३८९ कोटी युनिट थोडे नव्हेत. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र वर्षभर एक क्षणही न थांबता पूर्ण क्षमतेने चालले तर २,५५८ कोटी युनिट होतील.

गोळा पुरता गेलेला नाही, आणि काही ठिकाणी तो जाऊही नये. कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये एक दिवसाच्या पिल्लांना ऊब लागते. तिथे पत्र्याच्या टोपीखाली लावलेले शंभर-दोनशे वॅटचे बल्ब उष्णता देण्यासाठीच असतात. त्या शेडमध्ये एलईडी लावा असा सल्ला कोणी दिला तर शेतकरी हसेल. वॅटमागे बारा ल्युमेनची नामुष्की तिथे गुण ठरते.

घरात मात्र दिव्यांचा हिशेब मिटत आला आहे, आणि बिलातला पुढचा गडी छताला फिरतो आहे. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तोही उन्हाळ्यात रोज बारा-पंधरा तास. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. तो महाग आहे, पण हिशेबाची रीत वरचीच. मीटरच्या लाल ठिपक्यासमोर पहिल्याला १५ सेकंद लागतील, दुसऱ्याला साडेसदतीस. जुन्या पंख्याचा वेग रेग्युलेटरने कमी करून हाच वेळ पुन्हा मोजावा. जुना, तापणारा, चौकोनी रेग्युलेटर आणि नवा, बटणाएवढा रेग्युलेटर यांची उत्तरे वेगळी येतात. का, ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.